फॉरमॅट मारण्याआधी

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. दुसऱ्या दिवशी संगणक नेहमीसारखेच सुरू झाले, दाखले निघाले, पावत्या छापल्या गेल्या. त्यामुळे पुष्कळ छोट्या कचेऱ्यांनी हा विषय बाजूला ठेवून दिला. मग कधीतरी पडदाभर नोटीस येते, किंवा एखादं सॉफ्टवेअर ‘आता विंडोज ११ लागेल’ म्हणतं आणि घाईनं फोन जातो, ‘भाऊ, जरा येऊन नवीन विंडोज टाकून दे.’ भाऊ संध्याकाळी येतो, फॉरमॅट मारतो, दोनेक तासांत चकचकीत विंडोज ११ सुरू करून देतो. खरा त्रास दुसऱ्या दिवशी कचेरी उघडल्यावर सुरू होतो. मराठीतली जुनी पत्रं उघडली की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. सरपंचांची डिजिटल सही उमटत नाही. पासबुक छापणारा प्रिंटर ओळख दाखवत नाही. आणि समोर घाटाखालच्या गावातून पहिल्या एसटीनं आलेली माणसं कागद हातात धरून उभी असतात.

हा लेख अशा ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी आहे जिथे वेगळा संगणक विभाग नाही: गावची ग्रामपंचायत, शाळेचं कार्यालय, पतसंस्थेची शाखा, खामगाव-मलकापूरच्या बाजारातली अडत, महा ई-सेवा केंद्र, वकिलांची कचेरी, डीटीपीचं दुकान. मोठ्या बँकेत किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात हे बघायला माणसं नेमलेली असतात. आपल्याकडे सगळा भार एका टेबलावरच्या ताईंवर आणि एका ओळखीच्या तंत्रज्ञावर पडतो. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की विंडोज बदलण्याचं काम तंत्रज्ञाच्या हाती जाण्याआधी त्या टेबलावर रोज बसणाऱ्या माणसाच्या हातून गेलं पाहिजे. बदलायचं काय हे तंत्रज्ञाला कळतं. काय हरवता कामा नये, हे फक्त त्या माणसाला ठाऊक असतं.

आधी बदलायचंच कशाला, या प्रश्नाचं उत्तर. सपोर्ट संपला म्हणजे विंडोजमध्ये नव्यानं सापडणाऱ्या सुरक्षेच्या खोटी यापुढे आपोआप दुरुस्त होणार नाहीत. याची किंमत महाराष्ट्रानं पाहिलेली आहे. जून २०१७ मध्ये ‘पेट्या’ या नावानं गाजलेल्या हल्ल्यात जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. त्या हल्ल्यानं ज्या वाटांनी शिरकाव केला, त्यातल्या एका वाटेवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं त्याच वर्षी मार्चमध्ये देऊन ठेवली होती. जगभरच्या असंख्य संगणकांवर ती चढवलेलीच नव्हती. आपल्या पतसंस्थेत सभासदांच्या ठेवी आणि आधार क्रमांक आहेत, ग्रामपंचायतीत अख्ख्या गावाची घरपट्टीची नोंद आहे. ही माहिती कुणीतरी कुलूप लावून ओलीस ठेवली, तर ती सोडवायला आपल्याकडे ना पैसा आहे ना माणसं.

तरीही घाबरून उद्याच फॉरमॅट मारू नका. घरगुती वापराच्या विंडोज १० संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टनं सुरक्षा-दुरुस्त्यांची एक वाढीव वर्षाची सोय जाहीर केली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. सेटिंग्जमधल्या ‘विंडोज अपडेट’ पानावर तिच्या नोंदणीचा दुवा दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी सेटिंग्जचा बॅकअप जोडला तर तिला पैसे पडत नाहीत. संस्थांसाठीची सोय वेगळी आणि विकतची आहे. पहिल्या वर्षी दर संगणकामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, आणि जास्तीत जास्त ३ वर्षं. एवढे पैसे जुन्या यंत्रावर घालणं बहुतेक पतसंस्थांना परवडणारं नाही, असं माझं मत आहे. जिथे एखादं जुनं सॉफ्टवेअर सोडवेपर्यंत मुदत हवी, तिथेच ही सोय घ्यावी.

आता यंत्र पाहू. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट या पानावर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात, त्या कागदावर उतरवून घ्या. एक, प्रोसेसरचं नाव. इंटेलचा असेल तर आय३, आय५ या नावापुढच्या आकड्याचा पहिला अंक पाहा. आय३-८१०० म्हणजे आठवी पिढी, ती चालते. आय५-७४०० म्हणजे सातवी, ती विंडोज ११ च्या यादीत नाही. पुढच्या पिढ्यांत आकडा बहुधा पाच अंकी होतो, तिथे पहिले दोन अंक धरायचे. एएमडीच्या रायझनमध्ये साधारण २००० मालिकेपासून पुढचे चालतात. दुसरी गोष्ट, सिस्टिम टाइप. तिथे ३२ बिट लिहिलेलं असेल तर नीट लक्ष द्या, कारण विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं आणि ३२ वरून ६४ वर सरळ अपग्रेड होत नाही. तिथे खरोखरच सगळं पुसून नव्यानं टाकावं लागतं. जुन्या, कमी मेमरीच्या यंत्रांवर ३२ बिटच टाकलेलं असण्याची शक्यता मोठी, आणि नेमकी हीच यंत्रं पतसंस्थांच्या शाखांत आणि शाळांत वर्षानुवर्षं राबत असतात.

मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचा मोफत प्रोग्राम ही तपासणी एका बटणावर करून देतो. त्यानं टीपीएम २.० नाही असं सांगितलं तर लगेच नवा संगणक घ्यायला निघू नका. ही सुरक्षेची सोय पुष्कळ यंत्रांत असते, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. इंटेलच्या यंत्रात ती ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या यंत्रात ‘एफटीपीएम’ या नावानं सापडते. तंत्रज्ञाला ती आधी सुरू करून बघायला सांगा. कागदोपत्री ४ जीबी रॅम पुरते, पण ब्राउझरमध्ये चार पानं आणि टॅली एकत्र उघडणाऱ्या माणसाला ८ जीबीशिवाय कामाचा आनंद मिळणार नाही. आणि जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर विंडोज ११ टाकण्याआधी एसएसडी बसवा. नवं विंडोज फार हळू चालतं, ही बहुतेक कचेऱ्यांतली तक्रार त्या हार्डडिस्कची असते.

यादीत न बसणाऱ्या यंत्रावर आडवाटेनं विंडोज ११ चढवून देणारे पुष्कळ भेटतात. अशा यंत्राला पुढची अपडेट्स मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणजे ज्या कारणासाठी बदल केला तेच कारण संपतं. त्याहून वाईट म्हणजे परवान्याशिवाय, अ‍ॅक्टिव्हेटर वापरून चालवलेलं विंडोज. ज्या प्रोग्रामला तुम्ही अँटिव्हायरस बंद करून आत घेता, तो आत काय करतो हे तुम्हाला कधीच दिसत नाही, आणि त्याच संगणकावर तुम्ही संस्थेच्या खात्याचे व्यवहार करता. मूळ परवान्याच्या विंडोज १० वरून ११ वर जायला एक रुपयाही लागत नाही. हे इतक्या थोड्या लोकांना माहीत आहे याचं मला फार वाईट वाटतं.

यंत्र बसतं असं ठरलं की वही उघडा. साधी शंभर पानी वही प्रत्येक संगणकाशेजारी आठवडाभर ठेवा. त्यावर बसणाऱ्यानं दिवसभरात जे जे उघडलं ते लिहायचं. कुठलं संकेतस्थळ, कुठल्या ब्राउझरमध्ये, कुठला प्रिंटर, कुठला फॉन्ट, कुठला अंगठ्याचा स्कॅनर, कुठली एक्सेलची शीट. मग ज्या गोष्टी त्या आठवड्यात आल्याच नाहीत त्या आठवून लिहायच्या. शाळेत शालार्थचं पगारबिल महिन्यातून एकदा आणि शाळा सोडल्याचे दाखले बहुतेक जूनमध्ये निघतात. पतसंस्थेत ३१ मार्चचे अहवाल वर्षातून एकदा. ग्रामपंचायतीत वित्त आयोगाच्या निधीचं देयक ई-ग्रामस्वराजवरून जाताना दोन सह्या लागतात, पण त्या रोज लागत नाहीत. अपग्रेडनंतर महिन्यानं जे अडतं ते नेहमी याच दुसऱ्या यादीतलं असतं.

वही भरली की नकल घ्यायची. आपल्याकडे सगळं डेस्कटॉपवर असतं, आणि डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्ह. ‘डी ड्राइव्हचं काही जात नाही’ हे तंत्रज्ञाचं वाक्य खरं असतं, पण तुमचं काम डी ड्राइव्हवर नसतंच. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, टॅलीचा डेटा असलेलं फोल्डर, ब्राउझरमधले बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड, यांची दोन वेगवेगळ्या डिस्कवर नकल करा आणि त्यातली एक रात्री कचेरीबाहेर राहील अशी व्यवस्था करा. मग ती नकल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर मी तरी कुणालाही फॉरमॅट मारू देणार नाही.

आता मराठी. याबद्दल इंग्रजीतल्या मार्गदर्शनात कुणी काही सांगत नाही, आणि आपल्या कचेऱ्यांचा सगळ्यात मोठा मनस्ताप इथेच आहे. आपल्याकडे दोन तऱ्हेचं मराठी साठवलेलं असतं. एक युनिकोड, म्हणजे जे मोबाइलवर आणि संकेतस्थळांवर चालतं ते. दुसरं श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, आकृती, किंवा सी-डॅकच्या आयएसएमबरोबर आलेले डीव्हीबी-टीटी सुरेख, योगेश यांसारख्या जुन्या फॉन्टमधलं. या दुसऱ्या प्रकारात फाइलीच्या पोटात खरं तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. फॉन्ट गेला की इतिवृत्ताच्या जागी अर्थहीन अक्षरांची रांग उरते आणि फाइल बिघडली असं वाटतं. फाइल शाबूत असते. तोच फॉन्ट परत टाकला की मराठी परत दिसतं. म्हणून फॉरमॅटच्या आधी सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरातलं ‘फॉन्ट्स’ हे फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. काही फॉन्ट फक्त एका वापरकर्त्यापुरते बसवलेले असतात, ते त्याच्या ‘अ‍ॅपडेटा’ फोल्डरात लपलेले असतात, तेही घ्या. डोंगल लावून चालणारं जुनं मराठी सॉफ्टवेअर असेल तर त्याची सीडी आणि डोंगल कुठल्या कपाटात आहे ते आजच शोधा. त्या डोंगलचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालतो का हे कंपनीला विचारल्याशिवाय त्या यंत्राला हात लावू नका.

युनिकोडमधल्या फाइलींचाही एक छोटा गोंधळ होतो. विंडोज नव्यानं टाकलं की मंगल फॉन्ट दिसत नाही, कारण विंडोज १० पासून तो, कोकिळा, अपराजिता आणि उत्साह हे फॉन्ट ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ या ऐच्छिक भागात गेले आहेत. विंडोज मंगलच्या जागी निर्मला वापरतं आणि एका पानात बसणारा ठराव दीड पानावर जातो. सेटिंग्जमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये जाऊन तो भाग बसवा. भाषांच्या पानावर मराठी जोडली तर तो बहुधा आपोआप येतोही. तिथेच कळफलक निवडता येतो. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट पूर्वीपासून आहे आणि २०१९ पासून उच्चारांवर आधारित फोनेटिक मराठीही आलं. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबले की मराठी-इंग्रजी बदलतं. पण टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टनवर बोटं बसवलेल्या माणसाला यातलं काहीच कामाचं नाही. रेमिंग्टनची मांडणी विंडोजमध्ये आयती नाही, ती वेगळ्या सॉफ्टवेअरनं आणावी लागते. पंधरा-वीस वर्षं ज्या बोटांनी कचेरीचा पत्रव्यवहार सांभाळला, त्यांना एका सकाळी ‘आता फोनेटिक शिका’ असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. रेमिंग्टन देणारं साधन आधी मिळवा, नव्या विंडोजवर चालवून दाखवा, आणि मग त्यांचा संगणक बदला.

जुन्या फॉन्टमधल्या फाइली युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं उपलब्ध आहेत. ती उपयोगी आहेत, पण रफार, जोडाक्षरं आणि आकडे यांत ती चुकतात. नमुना-पत्रं, ठरावांचे मसुदे आणि नेहमी लागणारे अर्ज एवढेच आधी बदला, आणि मूळ छापील प्रतीशी ओळ-ओळ ताडून पाहा. सगळी जुनी दप्तरं बदलण्याचा घाट घालू नका. ती जुन्या फॉन्टसह पीडीएफ करून ठेवली तरी वाचण्यापुरतं काम भागतं.

डिजिटल सहीबद्दल एक गोष्ट ठळक सांगायची आहे. प्रमाणपत्र त्या यूएसबी टोकनमध्ये असतं, संगणकात नसतं, त्यामुळे फॉरमॅटनं ते जात नाही. नव्या विंडोजवर फक्त टोकनचा ड्रायव्हर आणि त्या संकेतस्थळाचं सही करण्याचं छोटं सॉफ्टवेअर पुन्हा टाकावं लागतं. पण घाईत कुणी टोकनच्या प्रोग्राममधलं ‘इनिशियलाइज’ हे बटण दाबलं तर प्रमाणपत्र कायमचं पुसलं जातं आणि नवीन काढावं लागतं. चुकीचा पिन पुन्हा पुन्हा टाकला तरी टोकन बंद पडतं. सही उमटली नाही तर पिन बदलून बघत बसू नका, आधी ड्रायव्हर पाहा. अंगठ्याच्या स्कॅनरचंही असंच, त्याची ‘आरडी सर्व्हिस’ नव्यानं टाकावी लागते. आणि ब्राउझर जर स्थानिक नेटवर्कमधल्या उपकरणांशी जोडण्याची परवानगी विचारत असेल, तर सरकारी संकेतस्थळाचा पत्ता नीट वाचून ती द्या. सवयीनं ‘ब्लॉक’ दाबलं गेलं की सही आणि स्कॅनर दोन्ही गप्प होतात आणि कारण कुणालाच सापडत नाही.

काही जुनी संकेतस्थळं अजून इंटरनेट एक्स्प्लोररसाठी बेतलेली आहेत. तो ब्राउझर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला आणि विंडोज ११ मध्ये नाही. पण एज ब्राउझरमध्ये ‘इंटरनेट एक्स्प्लोरर मोड’ आहे आणि तो किमान २०२९ पर्यंत ठेवण्याचं मायक्रोसॉफ्टनं सांगितलं आहे. एजच्या सेटिंग्जमध्ये ‘डीफॉल्ट ब्राउझर’ या पानावर तो सुरू करून संकेतस्थळाचा पत्ता यादीत घाला. ही नोंद ३० दिवसांनी आपोआप निघून जाते. महिन्याभरानं ‘परवापर्यंत चालत होतं’ अशी तक्रार आली तर आधी इथे पाहा.

पतसंस्थांतलं फॉक्सप्रोवरचं जुनं डॉस सॉफ्टवेअर हा मोठाच अडसर आहे. ६४ बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्राम थेट चालत नाहीत. डॉसबॉक्ससारखा प्रोग्राम मध्ये घालून ते चालवता येतात, पण पासबुकाच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरपर्यंत छपाई पोहोचवणं जिकिरीचं होतं, आणि नव्या संगणकांना त्या प्रिंटरचं जुनं रुंद पोर्टही नसतं. इथे माझा सल्ला स्पष्ट आहे. असं सॉफ्टवेअर असलेला एक संगणक इंटरनेटपासून पूर्ण तोडून, आहे तसाच ठेवा, रोज त्याची नकल घ्या, आणि संचालक मंडळासमोर नव्या प्रणालीचा ठराव ठेवा. सभासदांचा हिशेब एका अशा प्रोग्रामवर अवलंबून ठेवणं, ज्याचा लिहिणारा आता फोनही उचलत नाही, ही जोखीम विंडोज बदलण्याच्या जोखमीहून फार मोठी आहे.

एवढी तयारी झाल्यावर फक्त एका संगणकावर विंडोज ११ टाका. आपल्याकडे सोयाबीन पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहतात, तसंच हे. त्या एका यंत्रावर वहीतली प्रत्येक ओळ करून पाहायची. खरा दाखला काढायचा, खरी पावती छापायची, टोकन लावून सही करायची, जुनं इतिवृत्त उघडायचं. करणारी व्यक्ती तंत्रज्ञ नको, रोज ते काम करणारी हवी. जमलं त्यापुढे खूण, नाही जमलं तिथे काय दिसलं ते लिहायचं किंवा पडद्याचा फोटो काढायचा. ‘चालत नाही’ एवढ्यावर दूरच्या तंत्रज्ञाला काही सांगता येत नाही. पडद्यावरच्या चुकीचा क्रमांक असेल तर तो फोनवरूनही मार्ग काढतो. संग्रामपूर किंवा लोणारच्या एखाद्या गावात माणूस प्रत्यक्ष येईपर्यंत दोन दिवस जाऊ शकतात, म्हणून हा फोटो महत्त्वाचा.

एकाहून जास्त संगणक असतील तर आणखी एक अडचण येईल. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्या, विशेषतः २४एच२, पासवर्ड नसलेलं शेअर केलेलं फोल्डर उघडायला नकार देतात. पूर्वी बिनबोभाट चालणारं टॅलीचं शेअरिंग किंवा शेजारच्या टेबलावरचा प्रिंटर अचानक दिसेनासा होतो. सुरक्षा सैल करण्याचा उपाय पुष्कळ जण सुचवतात. त्यापेक्षा ज्या संगणकावर फोल्डर आहे तिथे पासवर्ड असलेलं एक खातं तयार करा आणि बाकीच्या संगणकांवरून त्याच नावानं आत जा. दहा मिनिटांचं काम आहे.

दिवस निवडताना आपल्या जिल्ह्याचं वेळापत्रक समोर ठेवा. मार्च पूर्ण टाळा, वसुली आणि वर्षअखेर दोन्ही त्यात येतात. जूनमध्ये शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशांमुळे उत्पन्न आणि जातीच्या दाखल्यांची गर्दी असते, पीककर्जाची धावपळही तेव्हाच. दिवाळीच्या मागेपुढे सोयाबीन आणि कापसाची आवक सुरू होते, तेव्हा अडतीच्या संगणकाला हात लावू नये. शेगाव-खामगावकडच्या कचेऱ्यांनी उन्हाळ्यातल्या दुपारी वीज जाण्याचा भरवसा धरूनच चालावं. अपग्रेड चालू असताना वीज गेली तर विंडोज अर्धवट अवस्थेत अडकू शकतं, म्हणून यूपीएसची बॅटरी खरंच किती वेळ टिकते ते आधी पाहा. डिसेंबरमधला एखादा शनिवार मला सगळ्यात सोयीचा वाटतो.

इंटरनेटचाही विचार करा. विंडोज ११ चं डाउनलोड पाच जीबीहून मोठं आहे, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चार संगणकांसाठी चार वेळा ते उतरवणं म्हणजे दिवस वाया घालवणं. जिथे चांगलं ब्रॉडबँड आहे तिथे मायक्रोसॉफ्टच्या ‘मीडिया क्रिएशन टूल’नं ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ते एकदाच तयार करून आणा. मग चालू विंडोजमधूनच त्यावरचं ‘सेटअप’ उघडा आणि फाइली व प्रोग्राम ठेवण्याचा पर्याय निवडा. यालाच खरं अपग्रेड म्हणतात. यात फॉन्ट, प्रिंटर, टॅली बहुतेक जागच्या जागी राहतात. तंत्रज्ञाला फॉरमॅट सोपं पडतं म्हणून तो तेच सुचवतो. ६४ बिटचं, नीट चालणारं यंत्र असेल तर त्याला नम्रपणे नाही म्हणा.

नवं विंडोज सुरू होताना मायक्रोसॉफ्टचं खातं विचारतं. बहुतेक वेळा तंत्रज्ञ स्वतःचं किंवा समोर असेल त्या कर्मचाऱ्याचं खातं टाकून मोकळा होतो. हे होऊ देऊ नका. नव्या आवृत्त्यांत डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते, आणि त्या कुलपाची ४८ अंकी किल्ली त्या खात्यात जाते. पुढे ग्रामसेवकांची बदली झाली, संगणकानं एका सकाळी किल्ली मागितली, आणि खातं कुणाचं हेच कुणाला आठवत नसलं, तर डिस्कवरचं काहीही परत मिळत नाही. कचेरीच्या नावाचा वेगळा ईमेल काढा, त्याचा पासवर्ड आणि ती किल्ली कागदावर छापून तिजोरीत ठेवा, आणि कार्यभार देता-घेताना यादीत लिहा. याच वेळी वनड्राइव्ह डेस्कटॉपच्या फाइली आपल्याकडे ओढू पाहतं. त्याची मोफत जागा ५ जीबी आहे, ती भरली की इशारे सुरू होतात आणि फाइली कुठे आहेत तेच कळेनासं होतं. नको असेल तर सुरुवातीलाच डेस्कटॉपचा बॅकअप बंद करा.

पहिल्या आठवड्यात किरकोळ गोष्टी माणसांना जास्त सतावतात. स्टार्टचं बटण मधोमध गेलेलं असतं. टास्कबारच्या सेटिंग्जमध्ये ते डावीकडे आणता येतं. उजवं क्लिक केल्यावर ओळखीची यादी दिसत नाही. शिफ्ट दाबून उजवं क्लिक करा. पीडीएफ एजमध्ये उघडते. ‘डीफॉल्ट अ‍ॅप्स’मध्ये बदला. काम चालू असताना यंत्र अपडेटसाठी बंद होऊ नये म्हणून ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’मध्ये कचेरीची वेळ भरा. या चार गोष्टी करून दिल्या की निम्मी चिडचिड जाते. उरलेल्या निम्म्यासाठी वेळ द्यावा लागतो. ज्येष्ठ लिपिकाचा वेग दोन आठवडे कमी राहणार, हे वरिष्ठांनी गृहीत धरावं आणि तेवढे दिवस काउंटरवर एक जास्तीचा हात द्यावा. तरुण सहकाऱ्यानं माऊस त्यांच्या हातातून काढून घेऊ नये, शेजारी बसून सांगावं.

अपग्रेड केलं असेल तर परत फिरायची वाट १० दिवस उघडी असते. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी या पानावर ‘गो बॅक’ आहे. ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर जागा खातं म्हणून कुणी पुसलं तर ती वाट बंद होते, तेव्हा दहा दिवस त्याला हात नको. वहीतली महिन्याची आणि वर्षाची कामं याच दहा दिवसांत तालीम म्हणून करून पाहा, निदान बटणं दाबून, छापील नमुना काढून.

जे यंत्र विंडोज ११ ला चालणार नाही ते भंगारात द्यायची घाई नको. ज्या टेबलावर फक्त ब्राउझर आणि टायपिंग आहे तिथे सी-डॅकचं बॉस किंवा उबुंटूसारखं लिनक्स मोफत बसवता येतं, आणि मराठी युनिकोड त्यात उत्तम चालतं. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकवत आहेत. डिजिटल सहीचं टोकन आणि अंगठ्याचा स्कॅनर असलेलं टेबल मात्र विंडोजवरच ठेवा. आणि शेवटी एखादं यंत्र खरोखर काढायचंच ठरलं, तर त्यातली हार्डडिस्क आधी बाहेर काढा, तिच्यावर संस्थेचं नाव, तारीख आणि ‘पुढच्या लेखापरीक्षणापर्यंत जपून ठेवणे’ असं लिहा. ते लेखापरीक्षण झाल्यावर डिस्क पूर्ण पुसून किंवा भोक पाडून निकामी करा आणि मगच ती ई-कचरा घेणाऱ्याला द्या. सभासदांची खाती असलेली डिस्क तशीच भंगारवाल्याकडे जाता कामा नये.